तात्यांना न्हाय म्हणताना

बारामती एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत मी लॅबमध्ये आहे, आणि खरं सांगते, मला कुणाला नाही म्हणायची फार भीती वाटायची! शिफ्ट बदलून दे, दिली. माझं काम तू कर, केलं. पण आमच्या कळस गावचे तात्या दुधाचा टँकर घेऊन यायचे. शेजारचे. मला कडेवर खेळवलेलं. एकदा त्यांचं दूध टेस्टमध्ये जेमतेम होतं, तर म्हणाले, "पोरी, आपल्याच गावचं हाय की!" मी पास केलं. मग आठवडाभर घास उतरेना.

शेवटी डेअरीत येणाऱ्या समुपदेशक मॅडमकडे गेले. वाटलं झापतील. पण त्या सल्ला देतच नाहीत, नुसतं विचारतात!

"हो म्हणून तुला काय मिळतं?"

"कुणी रागवत नाही."

"आणि जातं काय?"

मी रडायलाच लागले.

"नाही म्हणायची तयारी दहापैकी किती?"

"तीन."

"शून्य का नाही गं?"

माझ्याच तोंडून निघालं, "बारकी पोरं पितात ते दूध." मग काय करायचं, तेही मीच ठरवलं: टेस्ट तात्यांच्या डोळ्यांसमोर करायची.

सोमवारी टँकर आला. नमुना काचेच्या नळीत घेऊन तात्यांसमोरच तापवला. दूध फाटलं, म्हणजे नासायला लागलेलं.

"दुसरा घे," तात्या म्हणाले.

तोही फाटला.

"गावात तोंड कसं दाखवशील गं? तुझ्या बापाला फोन लावू का?"

"लावा तात्या. पण हे दूध न्हाय घेता येत."

"लई शानी झालीस!" टँकर घेऊन तात्या गेले. मी रजिस्टरमध्ये 'नापास' लिहिलं.

शिफ्ट सुटल्यावर वाटेत अंथुर्ण्याला स्कूटी थांबवून पाच मिनिटं नुसती उभी राहिले. घरी जायला रस्ता एकच, आणि तात्यांचं घर आमच्या आधी लागतं. दारात माणसं बसलेली. रोज "आलीस का गं" म्हणणाऱ्या काकूंनी, तात्यांच्या बायकोनं, मला बघून मान वळवली.

तरी म्हटलं, "आले हो, काकू."