गुळातली गोळी

सलोमीबाईंच्या नवऱ्याला धाडस करायची भारी हौस होती, आणि ते धाडस निभवायचं काम मात्र दर वेळी सलोमीबाईंच्या गळ्यात येई. विश्वासराव चर्चच्या मंडळीपुढे उभे राहिले की छाती काढून म्हणत, "नावेतून पाय बाहेर टाकल्याशिवाय पाण्यावर चालता येत नाही!" मंडळी "आमेन" म्हणे. चौथ्या रांगेतल्या सलोमीबाई मनात म्हणत, पाय बाहेर टाकताना हा माणूस माझ्याच पाठीवर उभा राहतो, ते कुणी बघत नाही.

विश्वासरावांचे वडील नगरकडून पलटणीबरोबर बेंगळुरूला आले आणि इथलेच झाले. मुलाला त्यांनी यंत्रांच्या सरकारी कारखान्यात चिकटवून दिलं, आणि एक्क्याण्णव साली मुलाने ती कायमची नोकरी सोडली. कुणी काढलं नव्हतं. मंडळीच्या पाळकसाहेबांचं प्रवचन ऐकून घरी आले, चहा प्यायले आणि राजीनामा लिहायला बसले. देवाने त्यांना म्हणे ससे पाळायला सांगितलं होतं. देवाला सशांची एवढी ओढ कधीपासून लागली, हे सलोमीबाईंनी विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की काही प्रश्न गिळायची सवयच लागली होती.

आनेकलच्या बाहेर एक शेड घेतली. जयनगरच्या शाळेत बालवर्गाच्या पोरांना अक्षरं शिकवून झाली की सलोमीबाई बस पकडून आनेकल गाठत आणि पिंजरे धूत. विश्वासराव तोवर चिंचेखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्याला देव कसा पुरवतो ते सांगत असत. उन्हाळ्यात निम्मे ससे मेले, उरलेले कुत्र्यांनी नेले. पुढच्या रविवारी विश्वासरावांनी साक्ष दिली, की प्रभूने मला मोडून नवा घडवला. मोडले होते ससे. हे तर चांगले धडधाकट होते.

साक्ष म्हणजे उपासनेच्या शेवटी कुणीही उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. रीत चांगली आहे. सलोमीबाईंच्या आईने जन्मात एकदाच साक्ष दिली, दोन वाक्यांची, आणि डोळे पुसत खाली बसली. विश्वासराव महिन्यातून दोनदा देत. उचलली जीभ लावली टाळ्याला.

सशांमागून महादेवपुऱ्यातला जमिनीचा तुकडा गेला. तो सलोमीबाईंच्या माहेरचा होता. विकताना सही त्यांचीच लागली, आणि त्या पैशातून पाळकसाहेबांच्या सभांसाठी लाऊडस्पीकर आणि टेम्पो आला. पुढे त्या तुकड्याच्या शेजारी काचेच्या इमारतींचे पाये खणायला लागले, तेव्हा विश्वासराव म्हणाले, "ऐहिकाकडे बघू नये, सलोमी." ऐहिक घरभाडं थकलं, तेव्हा पाळकसाहेबांनी उपासनेच्या हॉलमागच्या दोन खोल्या त्यांना राहायला दिल्या. फुकट दिल्या, आणि फुकट दिल्याची आठवण दर प्रार्थनेत करून दिली.

सलोमीबाईंचा देवावर विश्वास नव्हता असं कुणी समजू नये. होता, आणि तो विश्वासरावांच्यासारखा फुग्यातला नव्हता. भाकरी थापताना, बसच्या गर्दीत दांडीला लोंबकळताना त्या देवाशी बोलत, शेजारणीशी बोलावं तसं. कधी भांडतही. फक्त त्याच्या नावावर दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हावं, असं त्यांना कधी वाटलं नाही. आणि आजवर गेलं ते गेलं, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. ससे गेले, जमीन गेली, जाऊ दे.

मग सत्त्याण्णव साली विश्वासरावांनी रूथला पणाला लावलं.

रूथ ही त्यांची एकुलती मुलगी, तेरा वर्षांची. लहानपणापासून तिला फिट यायची. सकाळसंध्याकाळ गोळी सुरू झाली तशी फिट थांबली, आणि गेली तीन वर्षं पोर इतर मुलींसारखी शाळेत जात होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, की गोळी मनाने बंद करायची नाही, एकदम तर मुळीच नाही, जिवावर बेतेल. विश्वासरावांनी हे ऐकलं होतं. शेजारच्या खुर्चीत बसून, मान डोलवून ऐकलं होतं.

तरी चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने दुखणी बरी करायच्या सभेत, भर मैदानात, हजार माणसांसमोर, त्यांनी रूथचा हात धरून तिला व्यासपीठावर ओढली. खिशातून गोळ्यांची बाटली काढली आणि लाऊडस्पीकरमधून गरजले, "आजपासून माझी मुलगी माणसाच्या औषधावर नाही, देवाच्या शब्दावर जगेल!" आणि बाटली अंधारात भिरकावली. टाळ्यांचा पाऊस पडला. पाळकसाहेबांनी त्यांना मिठी मारली. रूथ मान खाली घालून फ्रॉकची कड ओढत उभी होती. लाऊडस्पीकर सलोमीबाईंच्या जमिनीच्या पैशाचा होता, हेही कुणाला आठवलं नाही.

सलोमीबाई सभेतून उठल्या त्या थेट नरसिंगरावांच्या मेडिकलमध्ये गेल्या. नरसिंगराव जयनगरातले जुने मराठी दुकानदार. कपाळाला गंध, तोंडात निम्मं कन्नड. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून त्यांची मराठी इथल्या भातासारखी मऊ झाली होती.

"परत तीच बाटली, अक्का? गेल्या आठवड्यातच नेली की तुम्ही."

"ती आमच्या ह्यांनी देवाला दिली," सलोमीबाई म्हणाल्या. "देवाला फिट येत नाही. मला द्या. आणि अण्णा, कुणाजवळ बोलू नका."

नरसिंगराव बाटली कागदात गुंडाळत म्हणाले, "सरी. आपल्याला काय करायचंय. पण अक्का, स्वल्प सांभाळून."

दुसऱ्या दिवसापासून सलोमीबाई गोळी पाट्यावर कुटून गुळाच्या खड्यात दाबून रूथला देऊ लागल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. "शाळेत जाताना गोड खावं," म्हणायच्या. रूथ निमूट खायची. बाहेर विश्वासरावांची कीर्ती वाढत होती. मुलीला फिट येत नाही, हा चमत्कार सांगायला त्यांना आता थेट होसूरहून बोलावणी येत. सलोमीबाई मागच्या बाकावर बसून ऐकत आणि त्यांच्या मनात नवऱ्याविषयी जे येई त्याला दया म्हणत नाहीत. ज्या गुळावर ह्याची सगळी आरास उभी आहे तो गूळ मी फोडते, आणि हा त्या गुळाची गोडी देवाच्या खात्यावर नाही, स्वतःच्या नावावर लावतो. त्यांना शिसारी आली. पण त्या गप्प राहिल्या. पोर बरी होती, डोक्यावर छप्पर होतं, आणि बढाई मारल्याने कुणी मरत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

एका शुक्रवारी नरसिंगरावांनी दुकानाचं गिऱ्हाईक थांबवून त्यांना बाजूला बोलावलं.

"अक्का, आमच्या बहिणीची भव्या तुम्हाला माहीत आहे की नाही? कपड्याच्या कारखान्यात मशीनवर बसते ती. तिलाही हेच दुखणं. लग्नाचं बघताहेत, आणि गोळ्यांचं कळलं की स्थळ परत जातं. आता म्हणते, येत्या रविवारी तुमच्या ह्यांच्याकडे जाऊन गोळ्या टाकणार. मी म्हटलं, नको गं. तर म्हणते, मामा, तुम्ही दुकानदार, तुम्ही गोळ्याच विकणार. ती रूथ डोळ्यांपुढे बरी झाली ना?" नरसिंगरावांचा आवाज खाली आला. "अक्का, मी शब्द दिला तो मोडला नाही. पण पोरगी मशीनवर पडली तर माझ्या शब्दाला काय चाटायचं?"

सलोमीबाई घरी आल्या. पाट्यावर गोळी ठेवली आणि वरवंटा हातात धरून तशाच बसून राहिल्या. बोलल्या तर काय होईल, ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. रविवारीच विश्वासरावांना मंडळीचा पंच करणार होते. ती पंचगिरी गेली की खोल्या जातील, आणि खोल्या गेल्या की ह्या वयात ट्रंक उचलून कुठे जायचं? मंडळी तोंडावर थुंकेल. नाही बोललं तर भव्या.

"प्रभू," त्या पाट्याकडे बघत म्हणाल्या, "हा सारखा तुझ्या नावाने उड्या मारतो, आणि पडतो मीच. आता मला उडी मारायला सांगतोस? आणि खाली काय आहे तेही सांगत नाहीस? बरं. पण हात दे. एवढंच मागते." मग त्यांनी वरवंटा फिरवला. त्यांना भीती वाटत होती, आणि रविवारपर्यंत ती गेली नाही.

रविवारी हॉल गच्च भरला होता. विश्वासराव नवा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून पुढे उभे होते, नवरदेवासारखे. पाळकसाहेबांनी त्यांना पंच म्हणून जाहीर केलं आणि म्हणाले, "आज ह्यांच्या विश्वासाचं एक नवं फळ बघा." पहिल्या रांगेतून भव्या उठली. वीसबावीसची, डोक्याला मोगरा, हातात गोळ्यांची बाटली. मागे तिची आई पदराने डोळे टिपत होती. मुलगी घाबरली होती. लग्न व्हावं, एवढंच तिला हवं होतं. विश्वासरावांनी ती बाटली हातात घेतली आणि उंच धरली.

"मला साक्ष द्यायची आहे," सलोमीबाई म्हणाल्या.

विश्वासराव कौतुकाने हसले. बायको आपल्यावर दोन शब्द बोलणार, असं त्या शहाण्याला वाटलं.

"माझी साक्ष लहान आहे," सलोमीबाई उभ्या राहून म्हणाल्या. त्यांनी पुढचं बाक घट्ट धरलं होतं. "रूथच्या गोळ्या एक दिवस बंद झाल्या नाहीत. मी कुटून गुळात घालून देते. आज सकाळी पण दिली. तिला फिट येत नाही ती त्या गोळीने. आणि त्या गोळीसाठी मी रोज प्रभूचे आभार मानते, कारण ती त्यानेच कुणाला तरी सुचवली असणार. खोटं मी बोलले. शिक्षा काय ती मला होवो. भव्या, बाळ, ती बाटली परत घे."

विश्वासरावांचा चेहरा ओल्या भिंतीसारखा उतरला, हात मात्र वरच राहिला. पाळकसाहेब आधी सावरले. "ताई, बसा. सैतान नेहमी घरातूनच शिरतो," म्हणाले आणि पेटीवाल्याला डोळ्याने खूण केली. पेटी सुरू झाली. गाणं काही निघेना.

"आई खरं सांगतेय," रूथ म्हणाली. ती कधी उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गुळात खडू लागतो. पण पप्पा खूष होते, म्हणून मी बोलले नाही."

भव्या विश्वासरावांजवळ गेली आणि त्यांच्या हातातून बाटली घेऊ लागली. ते सोडेनात. द्यायची नव्हती असं नाही, पण बोटं बहुधा ऐकत नव्हती. शेवटी तिने एकेक बोट उलगडून ती काढून घेतली, पदरात धरली आणि आईला घेऊन बाहेर पडली.

घरी आल्यावर विश्वासरावांना वाचा फुटली. "सगळ्यांसमोर माझं नाक कापलंस!"

"नाक राहिलं असतं, तर त्या पोरीचे हात मशीनखाली गेले असते," सलोमीबाई म्हणाल्या. "जेवून घ्या. मग ट्रंका भरायच्या आहेत."

महिना संपायच्या आत खोल्या गेल्याच. नरसिंगरावांनी दुकानावरची मालाची खोली रिकामी करून दिली, भाडं मात्र घेतलं, आणि ते घेतलं म्हणून सलोमीबाईंना फार बरं वाटलं. रस्त्यात मंडळीतल्या बायका तोंड फिरवत. सलोमीबाईंना त्याचं दुःख झालं, खोटं कशाला सांगा. ह्याच बायकांबरोबर त्यांनी पंधरा वर्षं गाणी म्हटली होती. विश्वासराव चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पाचव्या दिवशी दाढी केली.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. वर्षाअखेरीला विश्वासरावांनी दुसरी एक मंडळी शोधून काढली, आणि तिसऱ्याच रविवारी ते साक्षीला उभे राहिले. सलोमीबाई आणि रूथ मागे बसल्या होत्या.

"बंधूंनो," विश्वासराव म्हणाले, "माझी बायको स्वभावाने भित्री. मी उपास करून प्रार्थना केली, की प्रभू, हिला धाडस दे. आणि एक दिवस भर मंडळीत ती उठली, आणि एका मुलीचा जीव वाचला! छप्पर गेलं, पण मी माघार घेतली नाही. नावेतून पाय बाहेर टाकल्याशिवाय..."

लोकांचे डोळे पाणावले. सलोमीबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत ह्या माणसाने त्यांची जमीन घेतली होती, छप्पर घेतलं होतं, पण त्यांची एकुलती एक उडीसुद्धा तो उचलून नेईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या उठायला लागल्या.

रूथने त्यांचा हात धरून खाली बसवलं. मग दप्तरातून गोळ्यांची बाटली काढली, सगळ्यांना ऐकू जाईल असं झाकण उघडलं, आणि गोळी जिभेवर ठेवून पाण्याबरोबर गिळली. गूळ नव्हता. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. विश्वासराव बोलता बोलता अडखळले.

"आमेन," रूथ मोठ्याने म्हणाली, आणि बाटली आईच्या हातात ठेवली.