उभं पीक

अण्णांना अडकवून ठेवायचं म्हणून मी दोह्यातल्या मुऐदरच्या आमच्या अंगणात पहिल्यांदा गहू पेरला. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर गावाकडच्या घरात ते एकटे उरले, तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढतच कतारला आणलं. आठवडाही झाला नसेल, तोच त्यांनी सुरू केलं, "मला माघारी पाठीव बाई. हितं एसीत बसून काय माशा मारू? तुमच्याकडं माशा बी न्हाईत."

मी हट्टी आहे, आणि हा हट्ट त्यांच्याकडूनच आलाय. आमच्या लातूरकडच्या घरात एक रीत होती. रानात पीक उभं असताना घरचा कर्ता माणूस लांबच्या मुक्कामाला जायचा नाही. माझं लग्नसुद्धा हरभरा निघेपर्यंत अडून राहिलं होतं आणि सासरची पुण्याची मंडळी त्यावर यथेच्छ हसली होती. म्हटलं, हाच खुंटा ठोकावा.

बिन महमूद भागातला फ्लॅट सोडून आम्ही मुऐदरला एका व्हिलाच्या पोर्शनमध्ये, म्हणजे भाड्यानं दिलेल्या हिश्श्यात, आलो होतो, ते पार्किंगसाठी. अंगण आपोआप मिळालं होतं आणि तिथे मुलीच्या सायकलीशिवाय काही उगवलं नव्हतं. अण्णांनी शेवयांसाठी बन्सी गव्हाची पिशवी आणली होती. त्यातला पसाभर गहू मी त्यांच्यापुढे ठेवला आणि साळसूदपणे म्हटलं, "एवढा पेरून द्या ना. मला काही जमायचं नाही."

त्यांनी अंगणातली माती चिमटीत घेतली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली. "खारट हाय. आन् ही माती न्हवं, वाळू हाय." पण सदऱ्याच्या बाह्या तोवर वर गेल्या होत्या. नवरा वेस्ट बेच्या ऑफिसातून येताना नर्सरीत थांबायचा आणि टाय न काढता डिकीतून लेंडीखताच्या गोण्या उतरवायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदाच अण्णा कुणावर तरी ओरडत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

गहू उगवला तो छान. मग पिवळा पडायला लागला. अण्णांनी जन्मभर काळ्या रानात कोरडवाहू गहू केलेला. तिथे खत बियाण्याबरोबर एकदाच पडतं आणि जमीन ते धरून ठेवते. इथेही त्यांनी सगळा युरिया पेरणीलाच दिला आणि वर पोटभर पाणी सोडलं. वाळूनं दोन्ही खाली जाऊ दिलं. अण्णा रोज सकाळी वाफ्याशी उकिडवे बसायचे आणि पिवळी पानं खुडून आत यायचे. मला धडकीच भरली. पीक मेलं की अण्णा निघाले, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेजारच्या पोर्शनमध्ये एक ट्युनिशियाची बाई राहते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, माझ्याच वयाची आहे, आवाज खणखणीत. तिच्या माहेरी गव्हाचीच शेती. भिंतीवरून वाकून तिनं वाफा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "सगळं एकदम दिलंत? वाळू आहे ही! तान्ह्या बाळाला भरवतात तसं द्यायचं. श्वैया श्वैया."

मी ते अण्णांना सांगितलं.

"आता ही बाई मला गहू शिकवनार," अण्णा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "ते शेवटी काय म्हनली ती?"

"थोडं थोडं म्हणाली."

ऐकून घेतलं, पण थोडं थोडं द्यायला युरियाची पिशवी काही उघडली नाही. अण्णांचा मान राखून त्यांच्या गळी काही उतरवणं सोपं नव्हतं.

मग डिसेंबरात एका दुपारी आभाळ भरून आलं. आमच्याकडे थंडीत ढग दिसले की माणसं रानाकडे धावत सुटतात. अवकाळी म्हणजे आडवा झालेला गहू आणि काळा पडलेला दाणा. पहिला थेंब पडला तसे अण्णा आत धावले, आमच्या पलंगावरची चांगली चादर ओढली आणि वाफ्यावर धरून उभे राहिले. मला म्हणाले, "बघत काय ऱ्हायलीस? दुसरं टोक धर!" आणि मीही धरलं. इंजिनियरची बायको, दोह्यात इतकी वर्षं काढलेली, मी अंगणात चादर धरून पावसापासून गहू वाचवत होते.

तेवढ्यात शेजारीण बाहेर आली. ती भिजायला आली होती. आमचा अवतार पाहून ओरडली, "काढा ते! वेड लागलंय का? खत टाका, यल्ला, आत्ताच!"

मी अण्णांना घाईघाईनं समजावलं. तिच्या देशात पाऊस येतो तोच हिवाळ्यात. गहू त्याच्यावरच जगतो. पाऊस येणार असं दिसलं की ते वरखत टाकतात, म्हणजे पाणी ते मुळाशी नेऊन पोचवतं.

"मंग पावसाळ्यात काय करत्यात?"

"पावसाळा नसतो, अण्णा. उन्हाळा कोरडा ठाक."

"असला कसला मुलूख," ते म्हणाले. पण चादर सोडली. मुठीत थोडासा युरिया घेतला आणि भिजत, हात फिरवत, वाफाभर सारखा फेकला. हात अजून तसाच फिरत होता. गावाकडे बांधावर बसून मी तो कितीदा पाहिला होता. तेव्हा आईही तिथेच असायची, भाकरी सोडत. मला एकदम रडू आलं. पावसात ते कुणाला कळलं नाही.

त्यानंतर गहू सावरला. अण्णा थोडं थोडं खत देत राहिले आणि भिंतीवरून शेजारणीला पानं दाखवत राहिले. ती अरबीत बोलायची, ते मराठीत. फेब्रुवारीत दाणा दुधावरून चिकावर आला, आतलं दूध घट्ट झालं, तेव्हा ती म्हणाली, चार कणसं हिरवीच कापा, भाजू या. तिच्याकडे त्याला फ्रीक म्हणतात. जाळावर धरलेल्या कणसांचा वास आला तसे अण्णा हरखले. "आगं, ह्या तर ओंब्या!" तळहातावर चोळून, फुंकर मारून त्यांनी पहिले दाणे नातीच्या हातावर ठेवले. ती खाऊन इंग्रजीत म्हणाली, आजीला हे आवडलं असतं. अण्णांना त्यातला 'आजी' तेवढा कळला. ते उठून हात धुवायला नळाकडे गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

एप्रिलात काढणी झाली. परातीत मावेल एवढी रास. त्याची खीर केली, शेजारी वाटीभर दिली, पुढच्या वर्षासाठी बी बाजूला काढलं. दुसऱ्या दिवशी अण्णा बॅग भरून दिवाणखान्यात बसले. "आता काय अडकलंय माझं?"

विमानतळावर म्हणाले, "तू गहू का पेरलास ते मला पहिल्या दिवशीच कळलं हुतं."

"मग राहिलात कसे?"

"बहाना तुझा हुता. पीक तर खरंच हुतं की."

तेव्हापासून दर नोव्हेंबरात मी पेरते. व्हिडिओ कॉलवर अण्णांना पानं दाखवते, ते खत सांगतात. "श्वैया श्वैया" म्हणतात आणि स्वतःच हसतात. यंदा आवाज खोल गेलाय. गावाकडचा चुलतभाऊ म्हणतो, काळजीचं काही नाही, वय झालंय. कॅमेऱ्यात त्यांचा सदरा खांद्यावरून उतरलेला दिसतो. मुलीची परीक्षा, नवऱ्याच्या प्रोजेक्टची गडबड, माझी नोकरी, सगळं सांगून मी परवा म्हटलं, "सुट्ट्या लागल्या की नक्की येते, अण्णा."

"ये तवा ये," ते म्हणाले. "उभं पीक टाकून कोन येतंय? मला काय कळत न्हाई व्हय?"

माझाच खुंटा त्यांनी मला सोडवायला वापरला. फोन ठेवला आणि मला स्वतःचा भयंकर राग आला. परीक्षेचा, प्रोजेक्टचा, सगळ्याचाच राग आला. मला त्यांच्याजवळ बसायचं होतं, बाकी काही नको होतं.

विळा घेऊन अंगणात गेले. ओंब्या हिरव्या होत्या, दाणा नुकता चिकावर आलेला. खाली बसले आणि कापत सुटले. भिंतीवरून शेजारीण म्हणाली, "सगळाच? पिकायला अजून वेळ आहे."

"मला वेळ नाहीये," मी म्हटलं.

चूल पेटवायला तीच आली. ओंब्या भाजल्या, चोळल्या, दाणे डब्यात भरले. धुरानं माखलेल्या हातांनीच मी अण्णांना फोन लावला.

"अण्णा, काढणी झाली."

"आत्ताच? आजून तर हिरवा आसंल."

"हिरवाच काढला. बियापुरताही ठेवला नाही."

पलीकडे त्यांची खाट करकरली. मग ते म्हणाले, "रान मोकळं झालं म्हन की. मंग ये."