निवडबाईचा काळा पडदा

निवडबाई माऊसला हात लावत नसे. काळ्या पडद्यावर दोन-चार इंग्रजी शब्द बडवायची, की शेतकऱ्यांची नावं सरसर वर पळत सुटायची. मी राळेगावकडच्या कापूस खरेदी केंद्राचा मुकादम, चौथी नापास; ती तिथं पुसदहून हंगामापुरती आलेली संगणकवाली पोरगी. मला ते सगळं चेटूकच वाटे.

गावागावांतून येणाऱ्या शेतकऱ्यांच्या याद्यांच्या फाईली निरनिराळ्या घडणीच्या. कुठे स्वल्पविरामानं पाडलेले साधे रकाने, कुठे खोक्यात खोकं. बाई आधी वरच्या चार ओळी पाही, मगच हत्यार ठरवी. साध्या रकान्यांना ‘कट’, खोक्यांना ‘जेक्यू’, अशी त्या संगणकी हत्यारांची नावं.

“सगळ्याले एकच विळा काहून नाही चालवत?” मी विचारलं.

“तुमी कापूस विळ्यानं वेचता का, काकाजी?” पडद्यावरची नजर न काढता तिनं टोला दिला. कामागणिक हत्यार निवडते म्हणून निवडबाई हे नाव तेव्हा मीच ठेवलं.

कापसाला कोणी विचारत नव्हतं, अशी ती वर्षं. केंद्र बंद व्हायच्या आत गाडी शिरली तर हमीभाव, नाहीतर व्यापारी देईल तो. आणि गाडी आणायच्या तारखेचं टोकन मोबाईलवर आल्याशिवाय फाटक उघडत नसे. अशात एका तांड्यावर एकालाही टोकन गेलं नाही. त्यांची यादी आली त्या दिवशी बाईनं वरच्या ओळी न पाहताच ‘कट’ चालवला होता. तांड्याच्या पत्त्यातच स्वल्पविराम: ‘मोठा तांडा, खालची लाईन’. तिथं पत्ता तुटला, आणि मोबाईल नंबराच्या रकान्यात ‘खालची लाईन’ येऊन बसली.

“मशीन बिघडली म्हणून सांगू,” मी म्हटलं. “मुकादमाले कोण खोटं म्हणते?”

“मशीन ठीक हाय. निवडताना मी चुकली.”

ती तांड्याकडे निघालीच. मागून मी, पाय ओढत.

तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, त्याच्यासमोर, सगळ्या तांड्यादेखत, ती उभ्यानं तेच बोलली. कान लालभडक झाले होते तिचे. नायक हसला. “हापिसातलं माणूस चुकलो म्हणायले आलं, हे पहिल्यांदाच पाह्यलं. बसा बाई, चहा घ्या. पण मुकादम, तुमी काहून खाली पाहून राह्यले?”

मी बशीत चहा ओतत राहिलो.

स्वल्पविरामाला न फसणारं हत्यार लावून तिनं टोकनं पाठवली, आणि तांड्याची शेवटची गाडी मोजली जाईपर्यंत फाटकावर उभी राहिली.

हंगाम संपला, केंद्र बंद झालं. ती पुसदला परत निघाली तेव्हा एस.टी.वर पोचवायला मी गेलो. कोणापुढे वाकलो नाही, कधी चूक कबूल केली नाही, हे जन्मभर मिरवलं मी. तिला मात्र सांगायचं होतं, पोरी, तांड्यावर मले माझीच लाज वाटली. तोंडातून निघालं, “लवकर चढ. जागा नाही भेटली तं उभं राहा लागन.”

“राहीन ना, काकाजी,” ती म्हणाली. “त्याले कायले भ्यायचं?”