मेव्हिसने सोडलेली जागा

मानारो ज्वालामुखीची राख थांबून आंबाए बेटावरची माणसं सांतो बेटावरून घरी परतली, त्याला वर्ष होत आलं तेव्हा नेरी गावात आली. ती राजधानीत, व्हिलाला चित्रकला शिकवायची, पण तिचं आजोळ इथलंच. राखेच्या दिवसांत कुणी काय सोसलं, ते सगळ्या बायकांनी मिळून एका लांब चटईत विणावं, असं तिने सुचवलं. प्रत्येक घराला हातभर जागा.

मेव्हिस गराए मात्र नको म्हणाली. साठीला टेकलेल्या मेव्हिसचा विणकामात कुणी हात धरू शकत नसे, त्यामुळे सगळ्यांनाच नवल वाटलं.

"तूच नाही बसलीस तर आमचा डोंगर भोपळ्यासारखा दिसेल गं," तिची जाऊ लोसना म्हणाली.

शेवटी मेव्हिस बसली. बाकीच्या जणी लाल रंगवलेल्या केवड्याच्या पातीने धूर काढत होत्या, राखेखाली कुजलेलं अळू काढत होत्या. मेव्हिसने बोट विणली, बोटीत दाटीवाटीने माणसं विणली आणि मधेच एक जागा कोरी ठेवली.

"पात संपली का मावशी?" नेरीने विचारलं.

मेव्हिसचे हात थांबले. "बोटीवर मोजणी चालली होती. 'नवरा कुठाय?' म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, पुढे चढला. चढला नव्हता. बानी डुकरांपाशी राहिला. कुणाला सांगू नकोस म्हणून मला शपथ घातली होती त्याने. सात आठवडे सांतोत घास गिळत होते, पण उतरत नव्हता."

मग लोसनाने आपल्या पट्टीतली एक पात उसवली. "माझा थोरलाही राहिला होता," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत चटईत चार कोऱ्या जागा झाल्या.

बानीच्या कानावर गेलं तसा तो तरातरा आला. "गावभर लाज काढलीस माझी!"

"लाज कसली? राख खाऊन अजून खोकतोस, ते ऐकतंच की गाव!"

बायका हसल्या. बानी रागाने उभाच राहिला, मग खाली बसला. "डुकरांतला सुळेवाला मेला ना," तो हळूच म्हणाला, "तेव्हा दिवसभर त्याच्याशी बोलत होतो. दुसरं होतं कोण?" हे त्याने मेव्हिसलाही कधी सांगितलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि शहाळं फोडून त्याच्या हातात दिलं.

महिन्याभराने पुढच्या वेळची तयारी ठरवायला अधिकारी आले. सभाघरात चटई पाहून त्यांनी कोऱ्या जागांचं विचारलं. मेव्हिसच उठली. "माणसं हट्टाने नाही राहिली, साहेब. सुळ्यांसाठी दहा-दहा वर्षं वाढवलेल्या डुकरांना बोटीत जागा नव्हती."

बोलाचाली बरीच झाली. अखेर ठरलं, की डोंगर कुरकुरायला लागला की आधी डुकरं हलवायची, बेटाच्या राख कमी पडणाऱ्या टोकाला, सोयऱ्यांच्या वाडीत. कुंपणाचं काम बानीने अंगावर घेतलं. सोयऱ्यांनी आधीच रोवलेले खांब त्याला वाकडे वाटले. खोकत खोकत त्याने ते सगळे उपटले आणि पुन्हा रोवले.