फोन म्हणाला, अजून चार मीटर

मंडळी, घाईघाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

महिन्याभरापासून मला जिओकॅशिंगचा नाद लागलाय. कुणीतरी डबी लपवून ठेवतं, आपण फोनवरचा बाण बघत ती शोधायची, आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि डबी परत तिथेच ठेवायची.

आज सकाळी अमझेरा गावाच्या पुढे एका पडीक शेतात एकटाच शिरलो. गवत कमरेइतकं, नजर फोनवर. अजून चार मीटर.

"ओ भिया, वहींज रुको! आगे कुआ है!"

बकऱ्या चारणारी एक म्हातारी बांधावरून ओरडत होती. मी थांबलो. गवत बाजूला केलं, तर बुटापुढे वीतभर जमीन आणि खोल खाली काळं पाणी. विहिरीला कठडाच नाही. मी हळूहळू मागे सरकलो. डबी गेली खड्ड्यात, जीव वाचला.

खरी भीती परत येताना वाटली. डब्या शोधतो म्हटलं की घरचे हसतात, म्हणून आईला सांगून निघालो होतो, "देवासला जातोय, टेकडीवर देवीच्या दर्शनाला." म्हणजे मी अमझेऱ्याच्या विहिरीत, आणि घरचे मला शोधणार पार उलट्या दिशेला, देवासच्या टेकडीवर.

आत्ता घरी पोचलो, तर दारातच आईने प्रसादासाठी हात पुढे केला.

काय सांगू तिला?