माणिकरावांचा काळा-पांढरा फोटो

राजेश्रीला तीन वर्षांत मी एकदाही खुर्चीला पाठ टेकून बसलेलं पाहिलं नाही. खुर्चीच्या टोकावर बसायचं, एक पाय हलवत ठेवायचा आणि पडद्यावरचं एखादं अक्षर केसभर डावीकडे, मग केसभर उजवीकडे सरकवत राहायचं. बघणाऱ्याच्या डोक्याला मुंग्या येतात. परभणीतल्या आमच्या कॉलेजात मी बावीस वर्षं संगणक प्रयोगशाळेचा सहायक आहे. कुलूप उघडणारा, माऊस पुसणारा आणि पोरं पेन ड्राइव्ह विसरून गेली की त्यांच्या नावानं ओरडणारा बन्सीधर सर तो मीच. ओरडून ओरडून बरीच पोरं सरळ केली, पण या पोरीपुढं मी हात टेकले.

ती चुडाव्याची. वडील सिताराम यांची थोडी शेती, आई पंचफुलाबाई गावच्या अंगणवाडीत मदतनीस. रोज पॅसेंजरनं यायची आणि गाडीतून उतरायच्या आधीच तिचं काम सुरू झालेलं असायचं. "सर, पूर्णा स्टेशनवरच्या पाटीतली अक्षरं बघितलीत का? दोन ओळींत किती जागा सोडलीय!" अशा तक्रारी घेऊन ती प्रयोगशाळेत शिरायची. मी म्हणायचो, आधी हजेरी दे, मग रेल्वेला सुधार.

पहिल्या वर्षी तिला स्नेहसंमेलनाचं पोस्टर दिलं होतं. आमच्याकडे पोस्टर म्हणजे एकोणीस फोटो, बारा नावं आणि उरलीसुरली जागा कार्यक्रमाला. फोटो मानाप्रमाणे लावायचे, कोणाचा चेहरा कोणापेक्षा सुपारीएवढासुद्धा मोठा नको, नाहीतर त्याच मंडपात भांडण. राजेश्रीनं सगळे चेहरे खाली एका ओळीत बसवले आणि मधोमध मोठ्या अक्षरांत वेळ लिहिली, सकाळी अकरा. समितीतले लोक तिच्यावर भडकले. पण त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा लोक अकराला येऊन बसले आणि माईकवालाच आला नव्हता. तिथून तिच्याकडे कामं यायला लागली. शिबिराचा बॅनर, क्रीडा विभागाचे टी-शर्ट, भित्तिपत्रक, वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ. काम संपलं की तिचा चेहरा उतरायचा. छापून आलेलं पाहिलं की तिला त्यातलं चुकलेलंच दिसायचं.

तिसऱ्या वर्षी तिनं कॉलेजची वेबसाइट मागितली. म्हणजे अक्षरशः मागितलीच. जुन्या साइटवर लाल अक्षरांची पट्टी पळायची आणि प्रवेशाची माहिती शोधायला पोरं शेवटी मलाच फोन करायची. राजेश्रीनं चार महिने खपून सगळं नव्यानं मांडलं. पहिल्याच पानावर प्रवेश, परीक्षा, निकाल, शिष्यवृत्ती. संस्थेनं एकच अट घातली, पहिल्या पानावर अध्यक्ष माणिकरावांचा मोठा फोटो आणि खाली बाकीच्या दहा सदस्यांचे. तिनं दात-ओठ खात ती मान्य केली. शुक्रवारी प्राचार्यांनी पाहून होकार दिला आणि साइट सुरू झाली.

साइट सुरू होण्यामागं आणखी एक घाई होती. पुण्यातल्या एका डिझाइन कंपनीत सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी तिनं अर्ज केला होता. त्यांनी कळवलं होतं की स्वतः केलेली, प्रत्यक्ष वापरात असलेली एक तरी साइट दाखवा, सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत तिचा पत्ता पाठवा. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. पोस्टरं होती, पण ती फाटून कधीच कुणाच्या तरी गोठ्यावर गेली होती. घरी ठरलं होतं की हे जमलं तर पुणे, नाहीतर जूनमध्ये बी.एड. बी.एड.चं नाव काढलं की तिचा दुसरा पायही हलायला लागायचा.

दुसरी कुणी असती तर शुक्रवारीच पत्ता पाठवून मोकळी झाली असती. ही शनिवारी सकाळी पुन्हा हजर. "सर, फोटो बघवंनात."

फोटो खरंच बघवत नव्हते. एकाच्या मागं वाढदिवसाच्या बॅनरचा गुलाबी उजेड, दुसऱ्याच्या मागं पासपोर्टची निळी भिंत, एकाच्या खांद्यावर कापून टाकलेल्या व्याह्याचा हात. माणिकरावांचा फोटो पुतण्याच्या लग्नातला, डोक्यावर भगवा फेटा, आणि त्या फेट्यापुढं साऱ्या साइटचे रंग फिके. तिनं दुपारपर्यंत खटपट केली. मग एकदम टाळी वाजवून अकराही फोटो काळे-पांढरे करून टाकले. माणिकरावांच्या फोटोखाली कॉलेजचं बोधचिन्ह मध्यभागी आणून ठेवलं. आमचं बोधचिन्ह म्हणजे तेवती समई.

"कसं दिसायलंय सर?"

मी चष्मा वर करून पाहिलं. शहरातल्या मोठ्या कंपनीची साइट असावी तसं भारदस्त वाटलं. "लय भारी," मी म्हणालो. हे मी म्हणालो, ते इथं लिहून ठेवतो, कारण पुढं सगळा दोष तिच्या एकटीच्या माथी आला.

तिनं बदल चढवला आणि कौतुकानं आईला साइटचा पत्ता पाठवला. पाच मिनिटांत पंचफुलाबाईंचा फोन आला. राजेश्रीनं फोन स्पीकरवर टाकला आणि हात माऊसवरच ठेवला.

"आगं राजे, बघितलं मी. लय चांगलं केलंस. पर हे फेटेवाले साहेब कवा..."

"आई, मी कामात हाय. घरी आल्यावर बोलू," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आईबापांनी फोन करायचा आणि पोरांनी तो कापायचा, याची आम्हाला आता सवय झाली आहे. घरी जाऊनही ती पडद्यातच तोंड खुपसून बसली असणार.

रविवारी सकाळी साडेसातला माझा फोन वाजला. पालमचा नागेश, आमचा जुना विद्यार्थी. आवाज दाटलेला. "सर, वाईट झालं. माती कितीला हाय?"

"कोणाची माती?"

"आध्यक्षांची, माणिकराव साहेबांची. कॉलेजच्या साइटवरच टाकलंय की. आमच्या बॅचच्या ग्रुपवर रातीपासून श्रद्धांजली चालूय."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. साइट उघडली आणि मला ती पहिल्यांदा दिसली. काळा-पांढरा फोटो, खाली तेवती समई, त्याखाली नाव. आपल्याकडे जिवंत माणसाचा फोटो असा कोण लावतं? वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर लावतात, आणि त्या पानाचे पैसे घरचे लोक डोळे पुसत देतात. बाकीचे दहा जण खाली ओळीनं, जणू एकाच गाडीत बसून गेले. बावीस वर्षांचा अनुभव असलेला मी गाढव, 'लय भारी' म्हणालो होतो.

पुढचा फोन प्राचार्यांचा. चहापेक्षा किटली गरम, तसा आमच्या प्राचार्यांचा राग कायम अध्यक्षांच्या रागापेक्षा चार अंश वर असतो. "साइट आज संध्याकाळच्या आत बंद झाली पाहिजे! उद्या नांदेडच्या माणसाला काम देतो. आणि त्या मुलीचं नाव मला परत ऐकायचं नाही!"

राजेश्री दहाच्या गाडीनं आली. तिला गाडीतच सगळं कळलं होतं, कारण डब्यात शेजारी बसलेल्या दोन बाया माणिकरावांच्या मातीलाच निघाल्या होत्या. मला वाटलं रडेल, पण ती रडली नाही, नुसती प्रयोगशाळेच्या दारापासून फळ्यापर्यंत येरझारा घालत राहिली. "सर, साइट बंद केली तर उद्या मी काय पाठवू? सांगा ना, काय पाठवू?" मला तिची कीव आली आणि स्वतःचा राग आला. साइटच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे होत्या. मी म्हणालो, बंद करायला संध्याकाळपर्यंत वेळ आहे, आधी त्या माणसाच्या पाया पडून येऊ.

माणिकरावांच्या घरापुढं चपलांचा ढीग होता. अंगणात तीसेक माणसं सतरंजीवर अवघडून बसलेली. मातीला म्हणून यायचं आणि मेलेल्या माणसानंच "बसा, चहा घ्या" म्हणायचं, असा प्रसंग कुणावरच आधी आलेला नव्हता, त्यामुळं उठून जावं की थांबावं, हेच कुणाला कळत नव्हतं. माणिकरावांची सासुरवाडी राणीसावरगावची. तिकडची मंडळी जीप करून आली होती आणि सोबत कडू भाकरीची टोपली, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. दारातूनच हंबरडा फोडत शिरलेल्या मेहुणीला माणिकराव पिठल्याशी भाकरी खाताना दिसले. ती बाई अजून पाणी पीत बसली होती.

माणिकराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बाजेवर बसलेले. त्यांच्यापेक्षा आम्हाला भीती वाटली ती त्यांच्या बायकोची, कस्तुराबाईंची. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"हीच का ती? आगं, माज्या जित्त्या नवऱ्याला मारलंस की तू! सकाळी सकाळी माजी बहीण माज्या गळ्यात पडून रडायलीय, मला वाटलं मलाच काय झालंय का! माज्या कुंकवाकडं बघून बाया डोळे पुसायल्यात!"

राजेश्रीनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. कस्तुराबाईंनी पाय मागं घेतले. ते मला फार लागलं.

"आजी, चुकलं माझं," ती म्हणाली.

"येऊ दे तिला," माणिकराव बाजेवरून म्हणाले. "पोरी, खरं सांग, माजा फोटू असा का केलास?"

मी मनात म्हटलं, आता काहीतरी बरं सांग, यंत्राचा दोष म्हण. पण ती कसली ऐकते.

"आबा, सगळ्यांच्या फोटूचे रंग जुळंनात. तुमचा फेटा लय भडक होता."

अंगणात कुणीतरी खोकलं. माणिकराव बायकोकडे वळले.

"कस्तुरा, लग्नातच मी म्हणलो हुतो का न्हाई, फेटा भडक हाय म्हणून?"

तेवढ्यात मी संधी साधून सांगून टाकलं की प्राचार्यांनी साइट आजच बंद करायला सांगितलंय, आणि या पोरीचं पुण्याचं काम त्या साइटवर अडकलंय, उद्या पाचपर्यंत. आणि फोटो बघून भारी आहे म्हणणारा मीच होतो, हेही सांगितलं.

"बंद?" माणिकराव ताठ झाले. "कोण म्हणला बंद? आरं, आज बंद केली तर जी माणसं आली न्हाईत ती बी येतील. आध्यक्ष गेला म्हणून साइटला सुट्टी दिली म्हणतील! लाव त्यांना फोन."

प्राचार्यांना लावलेल्या त्या फोनवर मी अर्धी बाजूच ऐकली, पण तेवढ्यानं माझा महिन्याचा शीण गेला. "मी बोलायलोय, मीच. न्हाई, वरून न्हाई, घरून. साइट चालू ठेवायची. पोरगीच दुरुस्त करंल." मग ते राजेश्रीकडे वळले. "रंगात कर. आन् तो मोठा फोटू वरच्या जागेवरून काढ. खाली सगळ्यांच्या रांगेत लाव मला. मोठा फोटू लागंलच एक दिवस, तवा लावा की."

निघताना कस्तुराबाईंनी तिच्या हातात राणीसावरगावच्या टोपलीतली भाकरी ठेवली. "आता कडू न्हाई ती. खाऊन जा," एवढंच म्हणाल्या.

दुपारी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. राजेश्रीनं फोटोंमागच्या भिंती काढून सगळ्यांना एकाच फिक्या रंगावर बसवलं, चेहरे आणि फेटे मात्र जसेच्या तसे. झालं होतं, तरी तिचं बोट बदल चढवायच्या बटणावर थांबून राहिलं. मग तिनं नव्या पानाचा फोटो आईला पाठवला आणि फोन लावला.

"आई, आता बघ बरं."

पलीकडे तो फोटो वरखाली करत पंचफुलाबाई एकेक चेहरा बघत असणार. "हां. आता जित्ते दिसायलेत सगळे."

"मग काल का न्हाई सांगितलंस?" बटण दाबत राजेश्रीनं विचारलं.

"सांगायलते की. कवा गेले, तेच इचारायलते. तू फोन ठेवलास."

राजेश्रीचा हलणारा पाय थांबला. सकाळपासून जे रडू आलं नव्हतं ते आता आलं, आणि मी उगाच खिडक्या लावायला उठलो.

सोमवारी चार वाजून पन्नास मिनिटांनी तिनं पुण्याला पत्ता पाठवला. पंधरा दिवसांनी बोलावणं आलं, ती गेली. पाय तिथंही हलत असणार, मला शंका नाही. साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत आजही दोन ओळी आहेत. पहिली, 'रचना : राजेश्री सिताराम'. दुसरी तिनं त्या सोमवारी घाईत वाढवली होती, 'तपासणी : पंचफुला सिताराम, चुडावा'. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, ही पंचफुला कोणती कंपनी? मी म्हणालो, जुनी आहे सर, खात्रीची आहे. तर म्हणाले, मग आपली माहितीपुस्तिका पण छापायच्या आधी त्यांना दाखवून घ्या.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी राजेश्री आईला घेऊन कॉलेज दाखवायला आली होती. मी मोठ्या पडद्यावर साइट उघडून तळाशी नेली. पंचफुलाबाईंनी ओळ वाचली आणि पदर तोंडाशी धरला.

"माजं नाव कशाला टाकलंस गं? काढ ते. लोक म्हणतील, हिला काय कळतंय."

राजेश्रीनं मानेनंच नाही म्हटलं आणि पान परत वर नेलं. पंचफुलाबाई इकडं तिकडं बघत उभ्या राहिल्या, खुर्च्या मोजल्या, पंख्याकडे पाहिलं. मग हळूच लेकीच्या दंडाला हात लावून म्हणाल्या,

"कुठं हाय ते? आणखी एक डाव दाखव की."