ताटातल्या तांदळावर लिहिलेलं नाव

गेल्या मंगळवारी मी माझ्याच तोंडाने चांगला फजीत झालो. आर्णीत, माझ्याच दुकानात, भरदुपारी...

आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे. बायको इथल्याच कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिचं संशोधन कंडेन्स्ड मॅटरमधलं, म्हणजे घन पदार्थांच्या पोटात काय चालतं ते. लग्नाला अठरा वर्षं झाली, मला त्यातली एक काळी पावडर तेवढी कळते. चुंबकाला चिकटते आणि शर्टाला लागली की डाग जात नाही.

तर तिची प्रोफेसरपदाच्या बढतीची मुलाखत चार दिवसांवर आली होती. फाईलचे प्रिंट काढायला ती दुकानात आली. कॉम्प्युटरवर तिच्या संशोधनाचं पान उघडलेलं... किती पेपर लिहिले, आणि जगात किती जणांनी आपल्या पेपरात त्यांचा आधार घेतला, तो आकडा. त्याला सायटेशन म्हणतात. मुलाखतीत ते बघणार होतेच.

आकडा जेमतेम दोन अंकी होता. आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखा, बोलून गेलो, "इतकी वर्षं घासून एवढंच काय व?"

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने गुपचूप दुसरं एक नाव टाइप केलं... आणि एकाच पेपरला चार अंकी सायटेशन! कोरिया, ब्राझील, जर्मनी, कुठले कुठले लोक.

"ही कोण बाप्पा?" मी विचारलं.

"मी," ती म्हणाली.

नाव होतं छाया. तिचं माहेरचं, अठरा वर्षांत मी पार विसरून गेलेलं. यवतमाळला भाड्याच्या खोलीत राहून पीएचडीचं जे काम केलं, ते सगळं त्या नावावर. मग लग्नात मी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'मयूरी' लिहिलं... फोटो नीट आला नाही म्हणून फोटोग्राफरने दोनदा लिहायला लावलं होतं. त्या दिवसापासून जगाच्या लेखी छाया गायब. मयूरीने लेकरं, स्वयंपाक, कॉलेज सांभाळून पुन्हा शून्यापासून सुरुवात केली.

दोघी एकच, असं एक ॲफिडेव्हिट जोडलं असतं तर काम भागत होतं. मग इतकी वर्षं काहून नाही जोडलं? तर म्हणे, मयूरी हे नाव आईंनी हौसेने निवडलेलं. माहेरचं नाव पुन्हा लावलं तर त्यांना वाटेल, सुनेला आपलं नाव नको झालं.

स्वतःचाच असा राग आला सांगतो... शटर ओढलं आणि तिला घेऊन तडक घर गाठलं. आई ओसरीवर तूर पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. आईने सूप खाली ठेवलं. 

मग म्हणाली, "मले माहेरी गोदावरी म्हणत. माय गेली, भाऊ गेला... आता त्या नावानं हाक मारणारं कोणीच नाही राह्यलं."

सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालो मी. आईचं नाव शांताबाई, एवढंच मला ठाऊक होतं. कधी विचारलंच नाही हो!

"तुयं नाव तं सारं जग घेऊन राह्यलं बाई," आई तिला म्हणाली. "कायले लपवून ठेवतं? जोड तो कागद."

दुसऱ्याच दिवशी तहसीलमध्ये जाऊन ॲफिडेव्हिट केलं. शनिवारी मुलाखत झाली. मी बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होतो. ती बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले... वाटलं, गेली बढती.

पण झालं होतं भलतंच. बाहेरून आलेल्या एक्स्पर्ट सरांनी फाईलमध्ये तो पेपर पाहिला आणि ते खुर्चीत सरळ झाले. म्हणाले, "आमच्याकडे नवा विद्यार्थी आला की पहिला हाच पेपर वाचायला देतो. या छाया मॅडम पुढे कुठे गेल्या, आम्ही कितीदा बोललो असू!"

"मग तू काय म्हणाली?"

"म्हटलं, आर्णीला गेल्या सर."

आज सकाळी प्राचार्यांचा फोन आला. माझी बायको प्रोफेसर झाली! दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला पेढा देतोय, बियाणं घेवो न घेवो. चार अंकी म्हणजे काय, हेही समजावून सांगतोय... लोक वैतागलेत, वैतागू द्या.

पण पहिला पेढा घरी दिला. ओसरीवर आई पाठमोरी बसली होती. मी दारातूनच ओरडलो, "गोदावरीबाई, तुमची छाया प्रोफेसर झाली!"

आताशा आईला कमी ऐकू येतं, तीन-तीनदा हाका माराव्या लागतात. आज तिने पहिल्याच हाकेला 'ओ' दिली.